ओल्या लाकडाची डबी

मी एक जुनी लाकडी डबी आहे. दिसायला म्हणाल तर खास काही नाही. मी धड गोलसुद्धा नाही, एका अंगाने दबलेली आहे, आणि माझ्या पाठीवरून बोट फिरवले तर ते खरखरीत लागते. दुकानात असते तर मला मागच्या रांगेत ढकलले असते. पण मित्रांनो, मी दुकानासाठी झालेच नव्हते. एका माणसाने मला एकाच बाईसाठी घडवले, आणि घडवताना आपला जन्मभराचा नियम मोडला. तो का मोडला हे त्या घरात फार दिवस मला एकटीलाच माहीत होते. एवढे मोठे गुपित एवढ्याशा डबीने पोटात ठेवायचे म्हणजे काय होते, ते तुम्हाला सांगते.

मला घडवणाऱ्यांना सगळे लिफ्टवाले काका म्हणत. बिघडलेल्या लिफ्ट दुरुस्त करणे हे त्यांचे काम. कोणी आत अडकले की काका बाहेरून त्याच्याशी गप्पा मारत मारत लिफ्ट सुरू करायचे, म्हणजे आतला माणूस घाबरत नसे. कामावरून घरी आले की चहाचा कप घेऊन ते थेट मागच्या खोलीत जात. तिथे त्यांचे लेथ होते. लेथ म्हणजे लाकूड गरगर फिरवणारे यंत्र. फिरत्या लाकडाला धारदार पटाशी लावली की कीस उडतो आणि ओंडक्यातून हळूहळू वाटी निघते, डबी निघते, भोवरा निघतो. काकांनी लाकूड कधी विकत आणले नाही. वादळात पडलेली फांदी, मोडक्या खुर्चीचा पाय, कचऱ्याजवळ टाकलेला वासा, असे काहीही ते उचलून आणत. काकू बरोबर असल्या की अर्धे ओझे काकूंच्या डोक्यावर, म्हणजे हातात.

"लोक फिरायला जातात तेव्हा फुलं घेऊन येतात," काकू म्हणायच्या. "आपण मोळी घेऊन येतो."

काकू घरी पडदे शिवत. तोंडाने जरा फटकळ, पण शिलाई अशी सरळ की पाहत राहावे. त्यांचे मशीन बाहेरच्या खोलीत खडखडायचे आणि काकांचे मागच्या खोलीत घरघरायचे. दोघांचे संसारातले निम्मे बोलणे त्या आवाजावरून ओरडूनच झाले असेल.

काका वस्तू घडवत आणि वाटून टाकत. दातांच्या डॉक्टरांना, दूधवाल्याला, लिफ्टमध्ये अडकून रडलेल्या एका मुलीलासुद्धा. देण्याआधी मात्र वस्तूच्या बुडावर पेन्सिलीने दोन गोष्टी लिहीत. लाकूड कुठे सापडले आणि तेव्हा सोबत कोण होते. 'पुलाखाली. सोबत चष्मेवाला.' 'शाळेची भिंत. सोबत एक कुत्रे.' आणि सगळ्यांत जास्त वेळा, 'सोबत बायको, कुरकुरत.'

"करा, गावभर माझी बदनामी करा!" काकू म्हणायच्या. पण नवी वस्तू तयार झाली की सगळ्यात आधी त्याच ती उलटी करून बघायच्या. हे मला माळ्यावर वाळत पडलेल्या जुन्या लाकडांनी सांगितले.

आता काकांचा नियम. ओले लाकूड कातायचे नाही. आणलेले लाकूड वर्षभर तरी माळ्यावर वाळू द्यायचे, आणि झाकणाच्या डबीसाठी तर त्याहून जास्त. कारण ओले लाकूड वाळताना आक्रसते, वेडेवाकडे होते, मग झाकण बसत नाही किंवा बसलेले निघत नाही. काकांचे एक दोस्त होते, चष्म्याच्या दुकानाचे मालक. त्यांनाही लेथचा नाद. त्यांनी एकदा घाईत ओल्या लाकडाची डबी केली, तर काकांनी त्यांना इतके चिडवले की बिचाऱ्यांना दुकान बदलावेसे वाटले.

सगळ्या जगाला डब्या मिळाल्या, काकूंना मात्र नाही. त्या रात्री कानातली काढून खिडकीत ठेवत आणि सकाळी ती सापडत नसत. "मला एक डबी करून देववत नाही तुम्हाला," असे रोज म्हणत. त्यावर काकांचे उत्तर ठरलेले होते, "तुझ्यासाठी लाकूड वाळतंय." ते खरेच होते. माळ्यावर एका कोपऱ्यात काळसर लाकडाचा सुंदर ठोकळा काकांनी कितीतरी वर्षे जपून ठेवला होता. त्याला दुसरा कोणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

"ते वाळेपर्यंत मीच वाळेन," काकू म्हणायच्या, आणि दोघेही हसायचे.

मी या घरात आले तेव्हा डबी नव्हते, फांदी होते. मोठ्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर माझे झाड होते. मी विजेच्या तारांना लागत होते म्हणून माणसांनी मला तोडून खाली टाकले. त्याच दुपारी दवाखान्यातून एक माणूस बाहेर आला. हातात खाकी पाकीट होते, आणि कोपरावर रक्त काढल्यानंतर लावतात तसा कापूस. चार पावले चालला आणि माझ्यावरच बसला. किती वेळ बसला ते मला सांगता येणार नाही, पण सावली माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. त्याने पाकिटाची घडी केली, पुन्हा घडी केली, आणि ते इतके लहान झाले की शर्टाच्या खिशात मावले. मग त्याचे माझ्याकडे लक्ष गेले. त्याने माझ्या तुटक्या टोकाला नख लावून पाहिले.

"ओली आहेस गं," तो म्हणाला.

काका माझ्याशी बोललेले ते पहिले शब्द. मित्रांनो, त्या पाकिटात काय होते ते मी वाचले नाही. पण ज्याच्या अंगाखाली मी दुपारभर होते, तो दोनदा उठला आणि दोनदा परत बसला, त्यावरून मला कळायचे ते कळले होते.

घरी आल्यावर काकूंनी विचारले, "परत मोळी? आणि हा कोपरावर कापूस कसला?"

"फांदी लागली," काका म्हणाले. मला बोलता आले असते तर त्याच क्षणी ओरडले असते, की मी लागले नाही हो यांना!

दुसऱ्या दिवशी काकांनी माळ्यावरचा तो काळसर ठोकळा खाली काढला. लेथवर चढवला. पण त्यांचा हात पूर्वीचा राहिला नव्हता. पटाशी अडकली आणि एवढी वर्षे वाट पाहिलेल्या त्या ठोकळ्याच्या चिरफाळ्या उडाल्या. काका खाली बसले आणि तुकडे जुळवून पाहू लागले. जुळणार नव्हते हे त्यांनाही माहीत होते. चष्मेवाल्यांकडे मागितले असते तर चांगले वाळलेले लाकूड मिळाले असते. पण ते लगेच विचारणार, एवढी घाई कसली? मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे काकांची नजर गेली.

मला कातताना ते माझ्याशी हळू आवाजात बोलायचे. बाहेर काकूंचे मशीन खडखडत असायचे, त्यामुळे तिकडे ऐकू जात नसे. एकदा म्हणाले, "तिला सांगितलं ना, की ती माझ्यावर कुरकुरायची बंद होईल. मग या घरात राहायचं कसं?"

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. माझे सगळे दुःख त्या वाक्यात आहे.

मी तयार झाले. ओल्या लाकडावर किती पॉलिश पेपर घासला तरी बारीक धागे उभे राहतात, तसे माझ्या अंगावर राहिले. काकांनी मला उलटे केले, पेन्सिल टेकवली, आणि ती तशीच टेकून राहिली. मग त्यांनी पेन्सिल कानावर ठेवून दिली. माझे बूड कोरे राहिले.

संध्याकाळी त्यांनी मला काकूंपुढे ठेवले. त्या दिवशी काकूंना खूप पडदे पुरे करायचे होते, डोळे दुखत होते. त्यांनी मला उचलले, अंगठा फिरवला, उलटी करून बुडाकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"एवढी वर्षं थांबवलंत ते ह्यासाठी? दूधवाल्याची डबी आरशासारखी गुळगुळीत, आणि माझीच तेवढी घाईघाईत उरकलीत. नाव ना गाव!"

"उरकली खरी," काका म्हणाले, आणि हसले. अगदी पोटातून हसले.

काकूंनी मला न उघडताच मशीनवरच्या फळीवर ठेवून दिले. कानातली पुन्हा खिडकीत गेली. काका येता जाता फळीकडे बघायचे. पुढे काकूंचा राग निवळला. एका सकाळी त्या मला घ्यायला आल्या, तर माझे झाकण घट्ट बसलेले.

"अहो, ही उघडत नाही."

"लाकूड आहे, रुसलंय. वर्षभरानं आपोआप उघडेल."

"तेव्हा तुम्हीच काढून द्या मग."

"तू काढ," काका म्हणाले, आणि जमिनीवरचा कीस झाडू लागले. तो त्यांनी आधीच झाडलेला होता.

थंडी सुरू व्हायच्या आत काका अंथरुणाला खिळले, आणि मग दवाखान्यातून परत आलेच नाहीत. आजार आत्ताच कळला, असेच काकूंना शेवटपर्यंत वाटत होते. त्या सगळ्या दिवसांत फाटकाबाहेरच्या माझ्या झाडाखाली बसून काकूंनी जेवणाचे किती डबे खाल्ले आणि किती तसेच परत आणले. घरी फळीवर माझ्यावर धूळ साचत गेली. मागची खोली गप्प झाली, आणि पुढचे मशीनही गप्प झाले, कारण ओरडून बोलायला पलीकडे कोणी नव्हते.

काही महिन्यांनी काकूंनी लेथ चष्मेवाल्यांना देऊन टाकायचे ठरवले. ते न्यायला आले तेव्हा काकूंनी मला त्यांच्या हातात दिले.

"भाऊजी, ही पकडीनं उघडता येते का बघा. आत काही ठेवलं असेल त्यांनी."

चष्मेवाल्यांनी मला नाकाशी नेले, मग उजेडात धरले. "वहिनी, ही त्यानं केली? ओल्या लाकडाची, आणि झाकण लावून? हसून हसून माझ्या नाकी नऊ आणले होते त्यानं अशाच डबीवरून!" मग त्यांनी मला उलटे केले. "आणि बूड कोरं? त्याला एवढी घाई कसली झाली होती?"

विचारले आणि त्यांचे त्यांनाच कळले.  काकू हळूच स्टुलावर बसल्या.

"कोपराला कापूस होता," त्या म्हणाल्या. "मी विचारलं होतं. मला म्हणाले, फांदी लागली."

चष्मेवाल्यांनी मला काकूंच्या मांडीवर ठेवले. "जोर लावू नका, वहिनी. झाकण पातळ, ते आधी वाळून आवळलं. पोट जाड आहे, ते मागून वाळेल. मग झाकण सुटेल." लेथ त्यांनी त्या दिवशी नेले नाही.

कापूस आणि फांदी एकाच दिवशी घरी आले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी काकू मला पिशवीत घालून दवाखान्याच्या फाटकाशी गेल्या. माझे झाड उभे होते. मला तोडले तिथे पिवळ्या लाकडात एक तपकिरी कडे दिसत होते, अगदी माझ्या झाकणावर आहे तसेच. काकूंनी मला त्याच्याजवळ धरले. इतके दिवस त्या ज्याच्या सावलीत बसल्या, त्याच झाडाची मी होते.

वॉचमन जवळ आला. "काय शोधताय, मावशी? ती फांदी ना? ती एक काका घेऊन गेले. त्याआधी दुपारभर त्याच फांदीवर बसून होते. मी म्हटलं, काका, घरून कोणी यायचंय का न्यायला? तर म्हणाले, नाही रे, मी एकटाच आलोय."

काकू घरी आल्या आणि मला छातीशी धरून रडल्या. "माझीच तेवढी उरकलीत म्हणाले मी," एवढे एकच वाक्य त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मित्रांनो, मला सांगायचे होते, की काकू, तुम्ही कुरकुरलात तेव्हा ते सुखाने हसले होते. त्यांना तेच हवे होते. त्यासाठीच तर ते गप्प राहिले होते. पण मी डबी आहे. माझ्याने काहीच सांगवले नाही.

वर्ष झाले. एका सकाळी काकूंनी माझ्यावरची धूळ पुसली आणि झाकण त्यांच्या बोटांत अलगद फिरले. आत काही नव्हते. काका डबी नेहमी रिकामीच देत, काय ठेवायचे ते ज्याचे त्याने ठरवावे म्हणून. काकूंनी आतून एकदा बोट फिरवले. मग त्यांनी कानातली काढून माझ्यात ठेवली, झाकण लावले, मागच्या खोलीतून काकांची पेन्सिल आणली आणि मला उलटे केले. माझ्या कोऱ्या बुडावर त्यांनी शिलाईसारख्या सरळ अक्षरांत लिहिले:

'दवाखान्याचे फाटक. सोबत कोणी नाही. बायको घरी, कुरकुरत.'

आता काकूही नाहीत. मी चष्मेवाल्यांच्या दुकानात काचेच्या कपाटात असते, आणि मुले मला हातात घेऊन वाकडी म्हणून हसतात. हसा, मला राग नाही. आणि तुमच्या घरी कोणी उगाच घाई करताना दिसले, तर त्याच्यावर रागवा, हवे तेवढे कुरकुरा. पण घाई कसली, तेवढे जवळ बसून विचारा. माझे म्हणाल तर एकच मागणे आहे. मला ओल्या फडक्याने पुसू नका. खाली पेन्सिलीची अक्षरे आहेत.