टाळूवरचं तेल

"पाळण्यातून पडला," जगन म्हणाला. पनवेलच्या माझ्या दवाखान्यात त्याचं चार महिन्यांचं पोर निपचित पडलं होतं, पण अंगावर साधा ओरखडा नव्हता. जगनची आई भीमाबाई पुढे झाली.

"रोज टाळू भरते, डाक्तर. खळग्यात तेल थांबतं. आज ओघळलं."

मी हात लावला. टाळू टम्म फुगली होती. "खरं बोल!" मी जगनवर ओरडलो.

"रडायचा थांबत नव्हता... खुळखुळ्यासारका हलवला," तो म्हणाला.

त्या हिसक्यांनी डोक्यात साचलेलं रक्त मी सुईने काढलं. पोर वाचलं.

सहा महिन्यांनी तेच पोर माझा स्टेथोस्कोप चावत होतं. जगन म्हणाला, "आता तो रडला का आयकडं देतो, आनि मिठागरावर जाऊन मीच बोंबलतो."

भीमाबाई हसली. "सगलं मिठागर जागं होतं, डाक्तर. पोर झोपतं."