सरजाबाईंना ताप आहे

भगवानराव गुरुजींनी दाढ काढून घेतली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी श्रावण पौर्णिमा नसती, तर पुढचं काही घडलंच नसतं.

पोखर्णीच्या पलीकडल्या त्यांच्या गावात पौर्णिमेला विहारात बोलायचं ते गुरुजींनीच, हे ठरलेलं होतं. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी विहारातली शिकवणी चालू होती. घरात लोखंडी कपाटभर पुस्तकं. अनित्य, अनात्म, कार्यकारणभाव, सगळं ते मुळापासून सांगत. ऐकणारे माना डोलवत, काही डोलवता डोलवता पेंगत. विचार जड असतो आणि माणसं दिवसभर राबून आलेली असतात, अशी गुरुजी स्वतःची समजूत घालत.

त्या संध्याकाळी मात्र गाल सुजलेला, तोंडातून शब्द फुटेना. वंदना झाली तसा विहाराची व्यवस्था बघणारा नागसेन म्हणाला, "गुरुजींच्या बदली सरजाकाकू बोला दोन शब्द."

लोक हसले. गुरुजीही अर्ध्या गालानं हसले. त्यांची बायको चौथी शिकलेली. जयभीम म्हणून खाली बसेल, असंच त्यांना वाटलं.

सरजाबाई उभ्या राहिल्या. "सगळं बदलतं, असं हे सांगतात," त्या म्हणाल्या. "मी चुलीपुढं बसून ऐकायचे. माझी आन माझ्या जावंची अकरा वर्षं बोली न्हवती. वाड्यातल्या लिंबाच्या झाडावरून. झाड वाढलं, वठलं, तोडलंबी. जावंचे केस पिकले. मंग माझा रागच तेवढा कसा काय टिकायलाय? इचार केला, तर मीच त्याला रोज जेवू घालायले. म्हणून एक दिवस आंबाडीची भाजी घेऊन गेले. तिनं दार लावलं. दुसऱ्या दिवशी गेले, पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशी वाटी घेतली."

एवढंच बोलून त्या बसल्या. कुणी पेंगत नव्हतं.

सकाळी शेजारची बबिता दारात आली. सासूशी तिचा दोन वर्षं अबोला होता. "काकू, चहा नेऊन दिला सासूला. घेतला न्हाई. पण उद्याबी नेते," ती म्हणाली. गुरुजी खाटेवर बसून होते. बबिता त्यांच्याकडं न बघताच गेली.

ती गेल्यावर गुरुजींनी कपाटातून जुनी वही काढली. पानं चाळत चाळत एका पानावर थांबले. त्यांच्याच अक्षरात होतं, 'राग टिकत नाही, आपण तो पोसतो.' वाक्य त्यांचं. बारा वर्षांपूर्वी विहारात बोललेलं. तेव्हा कुणी चहा नेला नव्हता की भाजी नेली नव्हती. आपल्या खिशातलं कुणीतरी आपल्यासमोर काढून गावात वाटावं, तसं त्यांना झालं. आणि वाटणारी घरचीच, म्हणून ओरडताही येईना.

भाद्रपद पौर्णिमेला दाढ बरी झालेली होती. गुरुजी पाऊण तास बोलले. ते बसतात न बसतात तोच मागून आवाज आला, "काकूंनाबी बोलू द्या की." सरजाबाई उठल्या. बोलता बोलता त्या 'कारणाची साखळी' म्हणाल्या, तसे गुरुजी बसल्या जागेवरून मोठ्यानं म्हणाले, "प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात त्याला." सरजाबाई थांबल्या, "हां, तेच," म्हणाल्या आणि पुढं बोलू लागल्या. बायकांनी गुरुजींकडं असं बघितलं, जसं रडणाऱ्या पोराकडं बघतात.

चार दिवसांनी फोन आला. घरात फोन एकच, तो गुरुजींच्या खिशात.

"जयभीम गुरुजी. मी परभणीहून मनिषा बोलतेय, महिला मंडळाची. बबिताच्या नणंदेनं काकूंबद्दल लय सांगितलंय. येत्या रविवारी त्यांना पाठवाल का? मुदितेवर बोलायचंय."

सरजाबाई समोरच डाळ निवडत होत्या. गुरुजी उठून अंगणात गेले. "तिला ताप आहे," ते म्हणाले. "पण मी येतो." शब्द इतके सहज निघाले, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

घरात येऊन म्हणाले, "परभणीला बोलवलंय मला."

"बरं झालं," म्हणत सरजाबाईंनी रविवारी पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करून दिली, धपाटे बांधून दिले.

परभणीच्या त्या हॉलमध्ये चाळीसेक बाया होत्या. 'सरजाबाईंना ताप आहे, म्हणून त्यांचे पती आलेत,' अशी ओळख झाली. गुरुजींनी मुदिता समजावून सांगितली. दुसऱ्याचं सुख बघून आपल्याला सुख होणं. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा, चारही सांगून मुदिता त्यात सगळ्यात अवघड का, तेही सांगितलं. एक शब्द चुकला नाही. टाळ्या पडल्या. मग बाया जवळ आल्या. ताप कधीपासून? उतरला का? दवाखान्यात नेलं का? गुरुजी एकेका थापेला दुसरी थाप जोडत राहिले. एका म्हातारीनं गवती चहाची जुडी पिशवीत घातली. प्रवचनाबद्दल कुणी काही विचारलं नाही.

ते घरी आले तेव्हा सरजाबाई उंबऱ्यावर बसलेल्या.

"बबिताच्या नणंदेचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "बबितानं आणून दिला माझ्या हातात. ताप किती हाय, म्हणून इचारत होती."

गुरुजींनी पिशवी खाली ठेवली. "मग?"

"मंग काय? एकशे एक हाय म्हणलं."

क्षणभर त्यांना हायसं वाटलं. हिनं आपल्याला वाचवलं होतं. यातसुद्धा हीच वरचढ! शरम वाटायला हवी होती, तिथंही हेवाच आधी पोचला.

पण सरजाबाई काही मोठेपणा घेऊन बसल्या नव्हत्या. "सकाळी पंचशील म्हणले आन दुपारी खोटं बोलले. चौथं शील मोडलं तुमच्यापायी. बबिता समोर उभी. आता मी तिला काय तोंडानं सांगू कसं वागावं ते?"

"माझं वाक्य होतं ते," गुरुजी एकदम बोलून गेले. "रागाचं. वहीत लिहिलेलं आहे."

"तुमचंच हाय की. मी कधी माझं म्हणले?" त्या उठून उभ्या राहिल्या. "तुमी बोलायचा तवा मला काय वाटायचं, इचारलं कधी? मला चौथीतून काढून कापूस वेचायला धाडलं. तुमी पुस्तक उघडलं की माझा जळफळाट व्हायचा. भाकरी करपायच्या."

चाळीस वर्षांत हे गुरुजींनी पहिल्यांदा ऐकलं. करपलेल्या भाकरीवरून ते बोललेले तेवढे त्यांना आठवत होते.

"मग काय केलंस तू?" त्यांनी हळू विचारलं.

"काय करते? ऐकत राहिले. जे ऐकलं ते घरात, शेतात करून बघितलं. काही जमलं, काही न्हाई. जमलं तेवढंच विहारात सांगितलं."

गुरुजी कपाटाकडं बघत बसले. त्यातलं आपण काय करून बघितलं, हे ते आठवू लागले आणि त्यांना फारसं काही सापडेना.

मग त्यांनी फोन काढला. "मनिषाताई, तिला ताप नव्हता. मी खोटं बोललो. मला तिचा हेवा वाटला. नंतर ती खोटं बोलली ते माझी लाज राखायला." एवढं बोलताना त्यांना घाम फुटला.

"बरं," मनिषा म्हणाली. "पुढच्या रविवारी काकूंना पाठवा. तुमी आलात तरी चालंल."

ते गेले. मागच्या रांगेत बसले. सरजाबाईंनी मुदितेऐवजी करपलेल्या भाकरीच सांगितल्या. बाया हसल्या, दोघी-तिघींनी डोळे पुसले. टाळ्या वाजल्या तेव्हा गुरुजींचे हात जरा उशिरानं जुळले, पण जुळले.

परतीच्या बसमध्ये सरजाबाई खिडकीशी बसल्या. "कसं झालं?"

"मधलं जरा लांबलं."

"आन?"

"आन पोटात दुखलं माझ्या."

"लय?"

गुरुजींनी खरंच विचार केला. "मागल्या पौर्णिमेपेक्षा थोडं कमी."

सरजाबाईंनी पिशवीतून धपाट्यांचा डबा काढला आणि त्यातलं एक त्यांच्या हातावर ठेवलं.