दऱ्या

अप्पांच्या हातातला फोन लेकीने अलगद काढून घेतला, नवा ब्राउझर उतरवला आणि त्याचं चिन्ह पडद्यावर अगदी वर आणून ठेवलं.

"आला एकदाचा तुझा ब्राउझर!" पलंगावर पडल्यापडल्या अप्पा म्हणाले. "पाच वर्षं ऐकतोय, आज येतोय, उद्या येतोय."

तिने फोन त्यांच्या हाती परत दिला. खरं सांगायचं त्राणच नव्हतं. फोनवाल्या कंपनीने गेल्या महिन्यात चौथ्यांदा नकार कळवला होता. त्यांच्या फोनवर ब्राउझर कुणाचाही चालेल, पण पडद्यावर अक्षरं मांडणारं आतलं इंजिन त्यांचंच हवं. म्हणजे पाटी आपली, कारभार त्यांचा. शेवटी तिच्या साहेबांनीही हात टेकले. तिने घडवलेलं इंजिन संगणकापुरतं उरलं, आणि पाठ धरल्यापासून अप्पांना संगणकासमोर बसवत नव्हतं.

अप्पा मुद्रितशोधक. चाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका वेचल्या. एका अनुस्वारासाठी स्वतःच्या लग्नाची पत्रिकासुद्धा परत पाठवली होती. आई अजून त्यावरून टोमणे मारते. फोनवर अक्षर मोठं केलं की 'दऱ्या'चं 'दर्या' होतं, हे त्यांनीच लेकीला दाखवलं होतं.

"डोंगरात समुद्र आणून ठेवलाय लेकाच्यांनी!"

"माझ्या ब्राउझरमध्ये नाही होणार, अप्पा. शब्द देते."

त्या एका 'ऱ्या'साठी ती दीड वर्ष खपली होती. आणि आता त्यांच्या हातात होती ती नुसती पाटी.

सांगून टाकावं म्हणून तिने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा चष्माच पुसत बसली.

अप्पांनी अक्षर मोठं केलं. डोंगरातल्या प्रवासाचा लेख होता. ओळीमागून ओळ वाचत गेले आणि एका जागी थांबले. उजव्या अंगठ्याचं नख उठलं, चुकीखाली खूण करायच्या जुन्या सवयीने, आणि काचेपाशी थबकलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय हो," आईने दारातूनच विचारलं, "सापडली का एखादी? त्याशिवाय तुम्हाला अन्न गोड लागायचं नाही."

अप्पांनी अंगठा मुठीत मिटून घेतला.

"एकही नाही. ये, बस. तुलाही वाचून दाखवतो."

आई पलंगाच्या कडेला टेकली. अप्पा खणखणीत आवाजात वाचू लागले.

"खाली दूरवर हिरव्या दऱ्या पसरल्या होत्या..."

न अडखळता, जसं लिहायला हवं होतं तसंच. लेकीने वाकून त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. पडद्यावर 'दर्या'च होता.

"जा, जरा पड तू," मान वर न करता अप्पा म्हणाले. "फार दमलीस."