खळ्यातला जॅक

मी एक जुना जॅक आहे, मित्रांनो. बाटलीच्या आकाराचा, पोटात तेल भरलेला. माझा निळा रंग कधीच उडाला, पण दांडा हलवला की अजून गाडी उचलतो. ओझं घेऊन गप्प उभं राहायचं, एवढंच मला येतं. त्या गप्प राहण्याचा एकदा मला फार राग आला.

कारखान्यातून मी पोशीरच्या धाकलूदादांच्या दुधाच्या टेंपोत आलो. दादा मला फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवत. पंक्चर झालं की टेंपो माझ्यावर उचलत, पण काढलेलं चाक आधी टेंपोखाली सरकवत आणि मगच वाकत. मला तो अपमान वाटे. माझ्यावर एवढाही भरवसा नाही? पुढे दादांचे गुडघे गेले, टेंपो विकला आणि मी गोठ्याच्या माळ्यावर पडलो. कोंबडी माझ्या शेजारी अंडी घालून जायची.

गेल्या दिवाळीनंतर दादांच्या मुलानं, नवीननं, मला खाली काढलं. त्याचा मित्र रिझवान खोपोलीहून लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला होता. तिचा सायलेन्सर फाटला होता आणि ती रेड्यासारखी डुरकत होती. गॅरेजवाला रोज उद्या म्हणायचा. म्हणून नवा सायलेन्सर दोघं घरीच बसवणार होते. सपाट जागा हवी, तर त्यांनी गाडी थेट दारातल्या खळ्यात घेतली. नवीनच्या आईनं, सुंदराकाकींनी, भात वाळवायला ते नुकतंच सारवलं होतं.

"तेल सांडलं तर दोघांकडनं सारवून घेईन, सांगून ठेवते!" असं बजावून काकी विहिरीवर गेल्या.

गाडी इतकी बसकी, की चाकं विटांवर चढवली तेव्हा कुठे मी तिच्याखाली मावलो. नवीननं गाडी उचलली, मागचं चाक काढलं आणि तो पाठीवर सरपटत आत शिरला. काढलेल्या चाकावर रिझवान आरामात बसला. मित्रांनो, ते चाक गाडीखाली हवं होतं.

सायलेन्सरचा नट गंजून घट्ट बसला होता. नवीन हातोडी मारू लागला. पहिल्याच घावाला माझ्याखालची जमीन किंचित दबली. मला वाटलं, भास असेल. दुसऱ्या घावाला मी कलू लागलो. खळं वरून गुळगुळीत होतं, पण आत भुसभुशीत. गाडी नवीनच्या छातीपासून जेमतेम वीतभर होती. मला ओरडता येत नव्हतं. घाव पडत होते, मी रुतत होतो आणि रिझवान मोबाईलमध्ये बघून सांगत होता, "अजून मार, सुटेल."

इतक्यात काकी परतल्या. मी कुठे उभा आहे ते त्यांनी पाहिलं आणि हंडा हातातून सुटला.

"नवीन, भायेर ये! तिथं मेढीचा खड्डा हाय रं!"

मळणीचे बैल ज्या खांबाभोवती फिरत, ती मेढ त्याच जागी रोवलेली असे. मळणीचं यंत्र आलं, मेढ उपटली, खड्डा मातीनं भरला आणि त्यावर दरवर्षी सारवण चढत गेलं.

"थांब गं आये, एकच नट ऱ्हायलाय," आतून आवाज आला. आणखी एक घाव बसला.

काकींचा चेहरा बघून रिझवान उठला आणि त्यानं बुडाखालचं चाक लाथेनं गाडीखाली ढकललं. तेवढ्यात मी आडवा झालो. गाडी धाडकन त्या चाकावर आदळली.

खालून काहीच आवाज येईना. काकी जमिनीवर आडव्या पडून आत बघू लागल्या. मग नवीनचा हात बाहेर आला. मुठीत नट होता. दोघांनी त्याला ओढून काढलं. नाक तेवढं खरचटलं होतं.

"हा जॅक भंगारात टाक," रिझवान म्हणाला.

आवाज ऐकून धाकलूदादा काठी टेकत आले होते. "त्याचा काय दोष?" ते म्हणाले. "मी त्याच्यावर कंदी भरवसा ठेवला नाय, म्हून आज जित्ता हाय."

काकी खळ्यात बसून रडत होत्या. "मीच एवढं गुळगुळीत सारवलं रं."

मित्रांनो, मला तेल द्या, फडक्यात गुंडाळा, मला आवडेल. पण माझ्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. चाक आधी सरकवा. मला आता त्याचा अपमान वाटत नाही.

यंदाही काकींनी खळं सारवलं. ताटाएवढी ती मेढीची जागा मात्र उघडी ठेवली.