फिक्सरच्या आधी

देऊळघाटच्या आमच्या घरात अंधार मिळवणं सोपं नाही. न्हाणीच्या दाराखालून, खिडकीच्या जाळीतून, पत्र्यातल्या खिळ्यांच्या भोकांतून ऊन आत शिरतंच, आणि उन्हाळ्यात नळाचं पाणी असं तापून येतं की त्यात फिल्म धुतली तर चेहरे विरघळून जातील, अशी मला आपली धास्ती. म्हणून त्या दुपारी मी भोकांना भिजवलेली कणीक लावली, खिडकीवर चादर ठोकली, डेव्हलपरची बाटली कूलरच्या टाकीत बुडवून गार केली आणि अंधारात चाचपडत फिल्म रिळावर चढवली. रीळ काळ्या डब्यात गेलं, उजेड नव्हे, फक्त पाणी आत-बाहेर जाऊ देणारं झाकण बसलं, तेव्हा कुठे श्वास सुटला. मोबाइलवर पाहून पाहून शिकलेलं सगळं, फिल्म पहिलीच.

क्रम मला पाठ होता. आधी डेव्हलपर, त्यानं चित्र उमटतं. मग साधं पाणी. मग फिक्सर, ज्यानं उमटलेलं चित्र कायमचं बसतं आणि फिल्मला उजेडाचं भय राहत नाही. फिक्सरच्या आधी झाकण उघडायचं नाही.

त्या फिल्मवर मला हवा होता एक रिकामा पाट.

रविवारी संग्रामपूरचे पाहुणे मला पाहायला आले होते. मी साडी नेसून, चष्मा काढून, मान खाली घालून पाटावर बसावं असं ठरलेलं. मी कुर्त्यावरच बाहेर आले, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि बैठक, आई, बाबा, पाहुणे, मधोमध मोकळा पाट, असा सगळ्यांचा एक फोटो काढून म्हणाले, "मले हे लग्न नाही करायचं." कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी मी, बटण नीट दाबलं गेलं का, याचीच खात्री नव्हती. पण बोलले. सगळ्यांसमोर बोलले.

त्यानंतर घरात आदळआपट होईल, बाबा जेवणार नाहीत, आई माहेरी फोन करून रडेल, असं धरून मी चालले होते. काहीच झालं नाही. बाबा माझ्याशी नेहमीपेक्षा मऊ बोलू लागले. आई गुणगुणत कुरडया घालत होती. माझ्या नकाराबद्दल कुणी चकार शब्द काढेना, जणू तो मी मनातल्या मनात दिला होता. म्हणून मला तो फोटो हवा होता.

डेव्हलपर काढून बाटलीत ओतला, डब्यात पाणी घातलं, तेवढ्यात दार वाजलं. मी दचकले, डबा हातातून सुटता सुटता राहिला.

"झालं काय वं प्राची, तुहं धुनं?" बाहेरून आई.

"धुनं नाही आई, फिल्म आहे."

"तेच ते. पाहुन्यायचा फोन आल्ता. मीनं सांगतलं, फिक्स समजा."

"काय फिक्स?"

"आता मले इचारते? पाटावर तं तूच बसली होती. कशी शहान्यावानी 'हो' म्हनली. तुह्या बाबाच्या डोयात पानी आलं."

"मी नाही म्हटलं होतं, आई."

"उनानं डोकं फिरलं तुहं," ती हसली, आणि तिच्या चपला दूर गेल्या.

फिक्सरची बाटली माझ्या हातात उघडी होती, तिचा आंबूस वास नाकात चढत होता. बाटली खाली ठेवून मी खिडकीवरची चादर ओढून काढली आणि डब्याचं झाकण उघडलं.

फिल्म अजून दुधाळ होती, पण दिसत होतं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं: पाहुण्यांचे चेहरे काळे, बाबांच्या मिशा उजळ. आणि मधोमध, पाटावर, साडीतली एक मुलगी. केस म्हातारीसारखे पांढरे, मान खाली, काढलेला चष्मा मांडीवर धरलेला. माझा चष्मा.

मी पाहत राहिले, आणि पाहता पाहता मला आठवू लागलं. पाटाची कड घोट्याला रुतलेली. ओटीतल्या नारळाचं वजन. जिभेवर आलेलं 'हो'. अजून थोडा वेळ पाहिलं असतं, तर मी आईला हाक मारून म्हटलं असतं, हो गं, मीच बसले होते.

फिक्सर मी मोरीत ओतला. सगळा.

रीळ आणि उरलेला डेव्हलपर घेऊन गच्चीवर गेले आणि भर उन्हात फिल्मवर डेव्हलपर ओतला. चित्र काळवंडत गेलं. आधी भिंत, मग पाहुणे, बाबा, आई. पाटावरची सगळ्यात शेवटी गेली. जाण्याआधी तिनं मान वर केली.

काळी ओली फिल्म हातात घेऊन मी जिना उतरले. आई ओसरीत कुरडया उलटवत होती. मला पाहून ती उठली, पदर सारखा केला.

"कोन पाह्यजे, बाई?"

"आई, मी."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, दारावर आलेल्या अनोळखी बाईकडे पाहावं तसं, अदबीनं. "उनाच्या आल्या तुमी. बसा." मग घराकडे वळून, "प्राची, पानी आन वं. कोनी बाई आली."

"आनतो," स्वयंपाकघरातून माझा आवाज आला.

दरवाजा मागेच होता, उघडा. आत माठात पेला बुडाल्याचा आवाज झाला.

"मी बसत नाही," मी आईला म्हणाले. "तिले बाहेर येऊ द्या."