निळी ओळ

नवं औषध कसं शोधायचं हे पंधरा दिवसांत शिकवतात, असं ऐकल्यावर द्रौपदीबाई गजभियेंना हसू आवरलं नव्हतं. "पंधरा दिवसांत तर लोणचंबी मुरत नाही वं," त्या लेकीला म्हणाल्या होत्या. भावनाने तरी अर्ज भरला होता. पीएचडी होऊन वर्ष उलटलं होतं, नोकरी नव्हती, आणि असल्या कोर्सची तिची ही तिसरी खेप होती. आधीच्या दोन कोर्सांनी तिला एकेक कापडी पिशवी आणि ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभं राहायला जागा दिली होती.

या खेपेला मात्र पहिल्याच दिवशी कोर्स चालवणाऱ्या शर्मिष्ठा मॅडमनी गोड बातमी दिली. काला आजार या तापावरच्या नव्या प्रकल्पात एक जागा निघालीय, आणि ती याच बॅचमधून भरायची आहे. हॉलमधली पेंगणारी सगळी डोकी ताठ झाली. लखनौत राहून, घरचं जेवून, खऱ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळणं म्हणजे या पोरापोरींना लॉटरीच.

चहाच्या वेळी मॅडम स्वतः भावनाजवळ आल्या. "मराठी ना तू? अरे वा! मी पुण्याची. मिस्टर आर्मीत, म्हणून इकडे छावणीत. आडनाव काय तुझं?"

"गजभिये."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. "आणि पीएचडीला फेलोशिप कुठली होती?"

भावनाने राखीव फेलोशिपचं नाव सांगितलं. मॅडम पुन्हा "अच्छा" म्हणाल्या आणि बिस्किटं घ्यायला वळल्या. या 'अच्छा'च्या पुढचं वाक्य कुणी उच्चारत नाही, पण भावनाला ते शाळेपासून पाठ होतं.

संस्थेचा सगळा जीव सत्तावीस नंबरच्या औषधात अडकलेला होता. ते संचालकसाहेबांनी तरुणपणी शोधलेलं. त्या रेणूचं चित्र, शेजारी साहेबांचा फोटो, असा भलामोठा फलक दारातच होता. प्रत्येक बॅचने ते औषध जंतूंवर चालवून बघायचं आणि धन्य व्हायचं, ही रीत. प्रयोग तसा सोपा. बारीक खड्ड्यांच्या प्लास्टिक प्लेटमध्ये काला आजाराचे जंतू घालायचे. एका ओळीत सत्तावीस नंबर, दुसरीत तुलनेसाठी बाजारात मिळणारं जुनं औषध, तिसरीत ज्यात औषध विरघळवतात ते नुसतं सॉल्व्हंट. ओळीच्या एका टोकाला मात्रा जास्त, दुसऱ्या टोकाला कमी. मग वरून निळा रंग टाकायचा. जंतू जिवंत असले तर निळ्याचा गुलाबी होतो, मेले असले तर निळा तसाच राहतो.

भावनाच्या प्लेटमध्ये जुन्या औषधाची ओळ निळ्यापासून गुलाबीपर्यंत सुरेख उतरली होती. सॉल्व्हंटची ओळ गुलाबी, म्हणजे तीही बरोबर. आणि सत्तावीस नंबरची ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी. साहेबांचं औषध जंतूंनी सरबतासारखं पचवलं होतं.

तिने आजूबाजूला बघितलं. सगळ्यांची सत्तावीसची ओळ निळी. शेजारच्या टेबलावरचा आशुतोष हसला. "सॉल्वेंट थोड़ा ज़्यादा डाल दो यार, उसी में मर जाएँगे. पिछले बैच वाले भैया बता के गए थे."

शहाण्या माणसाने इथेच सॉल्व्हंट ओतलं असतं. भावनाने हात वर केला. "मैडम, ये कंपाउंड काम नहीं कर रहा. पुरानी दवा वाली लाइन ठीक आई है, तो हाथ की ग़लती तो नहीं..."

"नाच न जाने, आँगन टेढ़ा!" मॅडम म्हणाल्या, आणि सगळा हॉल हसला. मग त्या तिच्याजवळ वाकल्या आणि तिला एकटीलाच कळेल अशा मराठीत, अगदी मायेने बोलल्या, "हात बसायला वेळ लागतो गं. सगळ्यांना सगळं जमतंच असं नाही."

भावनाच्या कानशिलांत आग झाली. हसण्याचं तिला काही नव्हतं. राग आला तो त्या मायेचा. तिने दुसऱ्या दिवशी प्रयोग पुन्हा केला, त्यानंतर आणखी एकदा केला. जंतू मजेत होते आणि ओळ गुलाबीची गुलाबीच.

तेव्हा मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. मॅडमचं खरं मराठी दार लावल्यावरच बाहेर पडायचं.

"तुझी प्लेट बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे. ते औषध केव्हाच मेलंय. आधी तरी कधी जिवंत होतं का, देव जाणे."

भावना खुर्चीत पुढे सरकली. "मग मॅडम, तुम्ही सांगत का नाही?"

"कुणाला सांगू? दारात ज्यांचा फोटो आहे त्यांना? पाण्यात राहून माशाशी वैर?" मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याविना त्या नुसत्या थकलेल्या बाई दिसत होत्या. "बाकीच्यांनी काय ओतलं ते मला कळत नाही असं वाटतं तुला? अख्ख्या बॅचमध्ये हात म्हणावेत असे तुझेच आहेत. जागा तुलाच द्यायचीय मला."

मग त्यांनी खणातून एक छोटी बाटली काढली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. "उद्या सत्तावीसच्या ओळीत ही वापर. येईल."

भावनाने बाटली उजेडात धरली. विचारण्यासारखं काही नव्हतंच. बाटलीत बाजारातलं जुनं औषध होतं.

"आणि नाही वापरली तर?"

"तर मला निवड समितीपुढे सांगावं लागेल, की हिला शाळकरी प्रयोगसुद्धा जमला नाही. आणि ते लगेच मानतील." मॅडमनी तिच्या डोळ्यांत बघितलं. "का मानतील, ते मी तुला सांगायला नको."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. निदान बाई खोटं तरी बोलत असती, तर भांडता आलं असतं.

तेलीबागेतल्या घरी दयाराम गजभिये वाटच बघत बसले होते. रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून त्यांची हयात गेली होती. लेकीच्या कोर्सातले शब्द ते आवडीने शिकून घेत. "काय वं, प्लेट बसली का आज?"

"नहीं बाबा. कल."

"बसंल. तुझा हात माह्यासारखा हाय." मग ते पानातल्या भाकरीकडे बघत बोलले, "माह्या नोकरीत कोनाचाबी नट ढिला निघाला, का पहिलं माह्याकडे पाहत. कोटेवाला ना, रिझर्वेशनचा! मी कसलेले नट कधी ढिले नाही झाले पोरी, पन ते कोनी म्हटलं नाही. एकदा तरी चारचौघांत कोनी म्हनावं, गजभियेच्या पोरीचा हात पक्का हाय. बस, मंग मेलो तरी चालते."

"काहीबी बोलू नका जेवताना," द्रौपदीबाई खेकसल्या.

"बाबा, अगर..." भावनाने सुरुवात केली.

"हं?"

"कुछ नहीं. सब्जी दो थोड़ी."

सांगितलं असतं, तर दयारामांनी ती बाटली तिला नालीत फेकायला लावली असती. हे तिला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सत्तावीस नंबरची ओळ अशी उतरली, की मॅडमनी सगळ्यांना गोळा करून दाखवली. गडद निळा, फिका निळा, जांभळा, गुलाबी. आशुतोष कौतुकाने तिच्या कानाशी लागला, "कितना डाला यार?"

निरोप समारंभाला दयाराम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले. संचालकसाहेबांच्या देखत मॅडमनी माइकवरून सांगितलं, "भावना गजभिये, इस बैच के सबसे पक्के हाथ." टाळ्या पडल्या. दयारामांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला. व्यासपीठावरून भावनाने ते बघितलं. मॅडम बोलल्या त्यातला शब्द न् शब्द खरा होता. खोटी होती ती फक्त प्लेट, आणि त्या प्लेटीशिवाय खरं बोलायला तिथे कुणी तयार नव्हतं. तिने स्मृतिचिन्ह घेतलं आणि फोटोसाठी हसली. या वेळी पुढच्या रांगेत.

पुढच्या वर्षी नवी बॅच आली तेव्हा भावना प्रकल्पावर होती आणि प्रयोगाची तयारी तिच्याकडे होती. मॅडमना आता खणात हात घालावा लागत नसे. बॅच यायच्या आदल्या सकाळी भावना सगळ्या बाटल्यांत जुनं औषध भरायची, निम्म्यांवर त्याचं नाव लिहायची आणि निम्म्यांवर सत्तावीस. त्यामुळे सॉल्व्हंट ओतायची कुणाला गरजच उरली नव्हती. सगळ्यांच्या प्लेटा निळ्या येत, फोटो छान निघत. तेलीबागेत दयाराम भाजीवाल्यालाही सांगत, की आमची पोरगी औषध शोधून राहिली.

बाराबंकीहून आलेली कल्पना नावाची एक मुलगी होती. बोलायला भित्री, कामाला चोख. तिने आपली प्लेट उजेडात धरली, खाली ठेवली, परत धरली. मग हात वर केला.

"मैडम, मेरी दोनों लाइनें बिल्कुल एक जैसी आई हैं. एक-एक गड्ढा. दो अलग दवाएँ इतनी एक जैसी कैसे... शीशी तो नहीं बदल गई?"

भावनाने प्लेट हातात घेतली. दोन ओळी खरंच एकमेकींच्या सावलीसारख्या होत्या. बाकी कुणाच्याही प्लेटमध्ये हे दिसलं नव्हतं, कारण बाकीच्यांचे थेंब कमीजास्त पडले होते. इतकं सारखं यायला हात फार स्वच्छ लागतो. अख्ख्या बॅचमध्ये हात म्हणावेत असे हिचेच होते. एवढंच भावनाला चारचौघांत सांगायचं होतं, आणि त्याला एक वाक्य पुरलं असतं.

दारात शर्मिष्ठा मॅडम उभ्या होत्या.

"नाच न जाने, आँगन टेढ़ा," भावना म्हणाली.

हॉल हसला. कल्पना तेवढी हसली नाही. तिचे कान लाल झाले होते. "एक बार और करके देखूँ, मैडम?"

"हाथ बैठने में टाइम लगता है," भावना म्हणाली. आवाज तिचाच होता, आणि त्यात माया होती. तिने ती प्लेट उचलली आणि टेबलाखालच्या ब्लीचच्या बादलीत बुडवली. दोन्ही ओळींचा रंग लगेच उतरला, तरी तिने हात काढला नाही.