मीटरनाथांची पांढरी चादर

लोहाऱ्याबाहेर रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडपुढं त्या रविवारी सकाळीच जत्रा भरली होती. शेड जुन्या गाड्या विकणाऱ्याचं. पण आता तिथं मीटरनाथ महाराज उतरले होते आणि म्हाताऱ्या गाड्या तरण्या करत होते. महाराजांचा शिष्य श्रीमंत गाडीत शिरायचा, गाडीवर पांढरी चादर पडायची, धूप पेटायचा, शंख वाजायचा. चादर निघाली की दोन लाख किलोमीटर पळालेली गाडी मीटरवर वीस-तीस हजारांपर्यंत उतरलेली असायची. ही कीर्ती ऐकून कुणी पिठाच्या गिरणीचा विजेचा मीटर उचकटून आणला होता. मल्लिनाथनं म्हैसच आणून बांधली होती. तिची दोन वेतं कमी झाली तर बाजारात भाव येणार होता. रुद्रम्मा आजी रांगेतल्या एका जीपमध्ये मागं जाऊन बसल्या होत्या. वय उतरल्याबिगर आपण उतरणार न्हाय, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं.

गर्दीत सर्वांत पुढं आबाराव होते. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला हा माणूस अंगारेधुपारे करणाऱ्याला दारात उभं करत नसे. आकड्यापुढं मात्र त्यांची मान आपोआप झुके. बायकोला, जाईबाईंना, हृदयाच्या उपचारासाठी वरचेवर सोलापूरला न्यावं लागे. एसटीच्या धक्क्यांनी त्या अर्ध्या होऊन परतत. म्हणून गाडी घ्यायची होती, आणि आदल्याच दिवशी चादरीखालून बावीस हजारांवर आलेली चंदेरी गाडी त्यांच्या मनात पक्की बसली होती.

सून नंदा सोबत होती. ती हायस्कुलात विज्ञान शिकवायची. मामा, तुम्ही कधीपासून बुवांच्या नादी लागलात, असं तिनं हळूच विचारलं.

"आमी बुवा मानत न्हाय," आबाराव म्हणाले, "पण मीटर मानतो. ते यंत्र हाय. ते कशाला खोटं बोलंल?"

"परवा तेच यंत्र दोन लाख म्हणत होतं. मग खोटं कधी बोललं, परवा का आज?"

 आबारावांनी मान शंखाकडं वळवली.

नंदानं चंदेरी गाडीचं दार उघडलं. ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून खालचं लोखंड दिसत होतं. स्टीअरिंग घासून गुळगुळीत झालं होतं, चालकाची सीट एका बाजूला खचली होती आणि चार टायर चार कंपन्यांचे होते. गाडी तरणी झाली, तर रबर का म्हातारं राहिलं, असं तिनं महाराजांनाच विचारलं.

"बाई, रबर म्हणजे देह," महाराज डोळे मिटून म्हणाले. "आकडा म्हणजे आत्मा. आम्ही फक्त आत्म्याचं बघतो."

लोकांनी माना डोलावल्या. तिनं बॉनेटवर हात ठेवला, तर ते गरम. सकाळपासून गाडी जागची हलली नव्हती. महाराज म्हणाले, ते तपाचं तेज आहे. मग तिनं विचारलं, की पुढच्या गाडीचा मंत्र शिष्याला बाहेर उभं करून म्हणता येईल का. महाराजांचा चेहरा पडला. श्रीमंत म्हणजे आपली अर्थिंग आहे, त्याच्याबिगर मंत्राचा शॉक सगळ्या गावाला बसेल, असं ते म्हणाले. गिरणीवाला दोन पावलं मागं सरकला.

पुढची गाडी म्हणजे रुद्रम्मा आजी बसल्या होत्या तीच जीप होती. चादर पडली, शंख वाजला. नंदा सरळ पुढं गेली आणि तिनं चादर ओढली.

स्टीअरिंगखाली श्रीमंत मुटकुळं करून पडला होता. हातात लहानसा डबा, त्याची वायर डॅशबोर्डखालच्या खोबणीत खुपसलेली. उजेड अंगावर येताच त्यानं घाबरून भलतंच बटण दाबलं. मीटरवर आकडा उमटला : नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव.

रुद्रम्मा आजी कुणी सांगायच्या आत खाली उतरल्या. "ह्यो मघापासनं वायरच घालतोय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, पूजाच हाय."

महाराज सावरले. मागच्या जन्मांसकट हिशेब आलाय, असं त्यांनी जाहीर केलं, आणि गर्दीतल्या दोघांनी खरोखर हात जोडले. मल्लिनाथनं मात्र गुपचूप म्हैस सोडली. तिची वेतं वाढली तर काय घ्या.

नंदानं सगळ्यांना ती खोबण दाखवली. गॅरेजवाले तिथंच यंत्र जोडून गाडीचे बिघाड तपासतात, आणि तिथूनच काही लबाड लोक मीटरचा आकडा बदलतात. इंजिनाला त्याचा पत्ताही नसतो. झिजलेलं इंजिन थंड असताना सुरू केलं की धूर निघतो, खडखड ऐकू येते. म्हणून चंदेरी गाडीचं इंजिन पहाटेच तापवून ठेवलं होतं. एवढं ऐकल्यावर शेडचा मालक पोलिसांना फोन करू नका म्हणून विनवू लागला. तोवर कुणीतरी तो केलाच होता.

आबाराव चंदेरी गाडीत बसून पाहत होते. ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला गेलं. याच गाडीत आपण जाईला बसवणार होतो, हे मनात येताच ते दार उघडून खाली उतरले.

महिन्याभरानं त्यांनी तुळजापूरच्या दत्तोपंतांची गाडी घेतली. ती पावणेदोन लाख किलोमीटर चालली होती, आणि दत्तोपंतांनी ते आधीच सांगितलं होतं. आबारावांनी ओळखीचा मेकॅनिक सोबत नेला, थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावलं, चढ-उतारावर गाडी हाकून ब्रेक पाहिले, आणि शेवटी पांढऱ्या सदऱ्यानिशी गाडीखाली शिरून तेलाची गळती शोधली.

गाडी घरी आणल्यावर जाईबाईंनी विचारलं, गाडी लई पळालीय म्हणं, चालंल का?

"पळाली तर पळू दे," आबाराव म्हणाले. "तिची झीज म्या डोळ्यांनी बघितलीय. कुणी सांगितलं म्हणून घेतली न्हाय."

गाडी असो वा गुरू, एवढं तरी प्रत्येकानं करावं.